मी पकडलेला कीलॉगर

"हा ब्रोकर कोण?"

शहाकाकांनी लॅपटॉप काउंटरवर ठेवला आणि स्क्रीनवर बोट आपटलं. घरूनच टास्क मॅनेजर, म्हणजे आत चाललेल्या कामांची यादी, उघडून, झाकण न मिटता, पूजेचं ताट आणावं तसा दोन्ही हातांवर तो धरून आणला होता.

"माझा ब्रोकर घाटकोपरला बसतो. हा 'रनटाइम ब्रोकर' कुठून आला? माझ्या नावावर शेअर विकतोय का?"

मी म्हटलं, "काका, हा विंडोजचाच माणूस आहे. एखाद्या अ‍ॅपला कॅमेरा किंवा तुमच्या फाइली हव्या असल्या, तर परवानगी आहे की नाही हे तो बघतो."

"म्हणजे मध्ये बसून काम करून देतो?"

"हो."

"मग दलालच झाला ना! कमिशन किती घेतो ते सांग."

मुलुंड पश्चिमेला, स्टेशनपासून पाच मिनिटांवर, दिनेशदादाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे मी अडीच वर्षांपासून कॉलेज सांभाळून काम करते. अडीच वर्षांच्या कामाला अनुभव म्हणावं का, याबद्दल मला शंका आहे. कामाच्या अनुभवांवरच्या या अंकात लिहिणारे बाकीचे लोक निवृत्त झालेले आहेत, आणि माझी अजून पदवीची परीक्षा व्हायची आहे. मी संपादकांना तसं कळवलंही. ते म्हणाले, "चुका केल्यात का?" मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "मग लिहा."

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. आईबाबा जालन्याकडून आले. बाबा एका मॉलमध्ये हाउसकीपिंगचे सुपरवायझर आहेत. मी नक्की काय करते ते त्यांना कळत नाही, पण ते सगळ्यांना सांगतात, "आमची प्रज्ञा कॉम्प्युटरमधले चोर पकडते." मीही ते कधी खोडून काढलं नाही. ऐकायला बरं वाटतं.

चोर पकडणं म्हणजे काय ते सांगते. तुम्ही कॉम्प्युटर सुरू करता तेव्हा समोर दोन-तीनच गोष्टी दिसतात. मागे मात्र शे-दीडशे लहान लहान कामं चाललेली असतात. त्यांना प्रोसेस म्हणतात. लग्नाचा हॉल आठवा. वाढपी, फोटोवाला, भटजींचा मदतनीस, आणि कोपऱ्यात एक सफारीतला माणूस मनसोक्त जिलेबी खातोय. मुलीकडच्यांना वाटतं तो मुलाकडचा, मुलाकडच्यांना वाटतं तो मुलीकडचा. तो नवरदेवाचा मामा असू शकतो आणि पाकिटं चोरायला आलेलाही असू शकतो. त्याला सगळ्यांसमोर हाताला धरून बाहेर काढायचं की मामा म्हणून नमस्कार करायचा, हे ठरवणं म्हणजे आमचं काम.

त्यासाठी काही प्रश्न असतात. नाव काय? कुठल्या फोल्डरमधून आलास? विंडोजचा म्हणवतोस, तर विंडोजच्या घरात राहतोस की तात्पुरत्या फाइलींच्या कचऱ्यात? तुझ्यावर बनवणाऱ्या कंपनीची डिजिटल सही आहे का? कॉम्प्युटर सुरू होताच न बोलावता का उठतोस? आणि इंटरनेटवरून कुणाशी बोलतोस?

बहुतेक वेळा मामाच निघतो. अँटिव्हायरसलाच व्हायरस समजून काढून टाका म्हणणारं गिऱ्हाईक तर आठवड्याला एक येतं. पण कधीकधी खरा चोरही सापडतो. आमच्याच कॉलेजमधल्या एका मुलाने फुकटचा गेम उतरवला होता. त्याच्याबरोबर आलेली एक प्रोसेस विंडोजचं नाव लावून कचऱ्याच्या फोल्डरमध्ये बसली होती आणि त्याच्या लॅपटॉपवर दुसऱ्याच कुणासाठी आभासी नाणी तयार करत होती. लॅपटॉप इतका तापायचा, की त्याची आई म्हणे थंडीत त्यावर दही विरजायची. तो चोर मी एकटीने शोधला आणि काढला. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात जरा हवा गेली. पुढे जे घडलं, ते त्या हवेमुळेच.

त्या गुरुवारी सकाळी दहा वाजता तावडेकाकू कॉम्प्युटरचं खोकं रिक्षात मांडीवर घेऊन नाहूरहून आल्या. तावडेकाकू डीटीपी करतात, म्हणजे छापण्यासाठी मराठी मजकूर टाइप करून पानं लावतात. लग्नपत्रिका, अहवाल, स्मरणिका. वय पासष्टच्या आसपास, मूळ मालवणकडच्या. रागावल्या किंवा घाबरल्या की थेट मालवणीत शिरतात.

"माझा भाचा म्हणतो, ह्याच्यात कोणतरी बसलाय आणि मी काय टाइप करते ते सगळं बघतोय. बँकेचा पासवर्ड पण मी ह्याच्यावरच घालते गं. लवकर बघ. मला संध्याकाळी सहाच्या आत स्मरणिका प्रेसला पाठवायचीय."

"कसली स्मरणिका?"

"आमच्या गावाच्या मंडळाची. रविवारी कार्यक्रम आहे. सहाला फाइल गेली नाही तर प्रेसवाला दुसऱ्याचं काम लावणार, मग पुढल्या आठवड्यात घेऊन काय करू?"

पुस्तक तयार होतं. फक्त एक पान राहिलं होतं. गिरण्यांच्या काळात त्यांच्या गावची माणसं मुंबईत एकाच खोलीत राहायची. गावची खोली. पाळ्यांप्रमाणे झोपायची, एकाच खाणावळीत जेवायची. त्या खोलीत राहून गेलेल्या प्रत्येकाचं नाव काकूंनी चार वर्षं म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन जाऊन गोळा केलं होतं. दीड-दोनशे नावं, वहीत पेन्सिलीने लिहिलेली. त्यांचे सासरेही त्यात होते. बरेचजण आता नव्हते. जे उरले होते, ते रविवारी येणार होते.

मी खोकं जोडलं आणि पाचच मिनिटांत मला तो सापडला. 'एलकेएच३२'.

नाव ओळखीचं नाही. फोल्डर भलत्याच जागी, सी ड्राइव्हवर उघड्यावर. सही नाही, कंपनीचं नाव नाही. विंडोज सुरू होताच उठतो, आणि मुख्य म्हणजे कीबोर्डवर दाबलेली प्रत्येक कळ आधी स्वतः वाचतो. अशा प्रोग्रामला कीलॉगर म्हणतात. एका वेबसाइटवर संशयित फाइल दिली की ती बऱ्याच अँटिव्हायरसना एकदम दाखवता येते. मी दाखवली. बहुतेकांना काही वाटलं नाही, पण चौघांनी बोट दाखवलं. मी त्या निकालाचा फोटो काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, "आज एक कीलॉगर पकडला!" आणि फाइल डिलीट केली. कचरापेटीतही जाऊ दिली नाही, थेट कायमची.

काकू बाहेर बाकावर बसून वहीतली नावं तपासत होत्या. मी त्यांना काहीही विचारलं नाही. चोर गेला म्हणून खोकं परत दिलं आणि त्या घरी गेल्या.

दीड वाजता फोन आला.

"गो बाये, माझी अक्षरां खंय गेली?"

"काय झालं काकू?"

"गणपत टाइप केलां तर छफ्रझ येतां! ह्यां काय करून ठेवलंस?"

मी काय करून बसले ते मला तेव्हा कळलं. आपण सगळे आता मोबाइलवर मराठी लिहितो, ते आपोआप उमटतं. पण काकूंचं पुस्तक पंचवीस वर्षांपूर्वीच्या जुन्या फाँटमध्ये लावलेलं होतं. त्या फाँटसाठी मधे एक लहान प्रोग्राम लागतो. तो प्रत्येक कळ वाचतो आणि तिच्या जागी योग्य मराठी अक्षर ठेवतो. प्रत्येक कळ वाचतो. मी पाकीटमार म्हणून ज्याला हाकललं, तो मामा होता.

दिनेशदादाने सगळं ऐकून घेतलं. तो ओरडत नाही, ते जास्त वाईट असतं.

"क्वारंटाइनमध्ये का नाही टाकलंस? तिथून परत काढता आलं असतं."

"मला खात्री होती."

"काकू समोर बसल्या होत्या ना? तोंड होतं ना तुला? 'हा तुमचा आहे का' एवढं विचारायचं होतं. आता परत मिळव."

"डिस्क नवीन प्रकारची आहे, एसएसडी. पुसलेलं परत येत नाही त्याच्यावर."

"मग वाट लागली. जा नाहूरला. दुरुस्त कर नाहीतर माफी माग, पण जा."

काकूंचं घर तिसऱ्या मजल्यावर. मी पोहोचले तेव्हा त्यांनी रडारड न करता वेगळाच उद्योग सुरू केला होता. आधी लावलेली पानं ठीक दिसत होती, फक्त नवीन टाइप होत नव्हतं. म्हणून काकू जुन्या पानांवरून अक्षरं कापून आणून चिकटवत होत्या. 'गणपत' अध्यक्षांच्या मनोगतातून आला होता. 'तुकाराम' आरतीच्या पानावरून. 'शांताराम' जुळवायला 'शांतता राखा'मधला 'शां' उचलला होता.

"किती झाली?"

"अकरा," काकू म्हणाल्या. "आणि 'ढ' मिळत नाय. ढवण आडनावाचे चौघे आहेत."

"काकू, या प्रोग्रामची सीडी असेल ना?"

"आहे की."

त्यांनी बाल्कनीकडे बोट केलं. ग्रिलला दोऱ्याने चार सीड्या टांगलेल्या होत्या, कबुतरं येऊ नयेत म्हणून. तिसरी आमची. मी ती सोडवली, भांड्यांच्या साबणाने धुतली, ओढणीने पुसली आणि दुकानातून आणलेल्या सीडी ड्राइव्हमध्ये घातली. ड्राइव्हने दोनदा घरघर केली आणि तिला बाहेर ढकललं.

"कबुतरां पण तिका घाबरत नाय होती," काकू म्हणाल्या.

पण सीडीवर मार्करने लिहिलेलं नाव अजून वाचता येत होतं. दामले, घाटकोपर.

"त्यांनीच बनवला तो प्रोग्राम," काकू म्हणाल्या. "नोकरी करून रात्रीचे बनवायचे म्हणे. स्कूटरवर येऊन घालून गेले होते. चहा पण घेतला नाही."

फोनची जुनी डायरी निघाली. 'द'च्या पानावर नंबर होता, पण सातच आकड्यांचा. मी हताश झाले. काकूंनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं.

"अगं, तेव्हा मुंबईचे नंबर सातच आकड्यांचे होते. पुढे दोन लाव."

मी पुढे दोन लावला. मला वाटलं होतं, 'हा नंबर अस्तित्वात नाही' असं ऐकू येईल. घंटी वाजली. चौथ्या घंटीला एका म्हाताऱ्या आवाजाने फोन घेतला.

"दामले बोलतोय."

"काका, मी प्रज्ञा, कॉम्प्युटरच्या दुकानातून. तुम्ही मराठी टाइपिंगचा एक प्रोग्राम केला होता ना? एलकेएच३२?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"केला होता म्हणजे? कुणाकडे आहे?"

"तावडेकाकूंकडे. नाहूरला. म्हणजे आज सकाळपर्यंत होता."

"चालत होता?"

"हो."

"कुठल्या विंडोजवर?"

"दहा."

"दहावर!" काका ओरडले. मग फोन बाजूला धरून आणखी मोठ्याने, "अगं ऐकलंस का, दहावर चालतोय!" मागून बाईंचा आवाज आला, "मग चालू दे, आपल्याला काय!"

मी सगळी हकिगत सांगितली. माझी चूकही सांगितली. काका हसायलाच लागले. मला मात्र एक प्रश्न विचारायचाच होता आणि तो विचारायला फार लाज वाटत होती. काकू बँकेचा पासवर्ड त्याच कीबोर्डवर घालत होत्या.

"काका, राग मानू नका. तुमचा प्रोग्राम दाबलेल्या कळा साठवून ठेवतो का?"

"ठेवतो ना!"

मी आणि काकूंनी एकमेकींकडे बघितलं.

"शेवटच्या सहा," काका म्हणाले. "त्याशिवाय जोडाक्षर कसं होणार? आणि रफार? 'अर्जुन' लिहिताना माणूस 'र'चा अर्धा आधी दाबतो आणि तो बसतो 'जु'च्या डोक्यावर. मागचं आठवल्याशिवाय कळणार कसं, कुणाच्या डोक्यावर बसवायचं ते? अक्षर बसलं की सहाही विसरतो. फाइलीत लिहीत नाही, कुणाला पाठवत नाही. तेव्हा घरी इंटरनेट होतंच कुठे, पाठवणार कुठे! मुली, पंचवीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. आणखी काय विचारायचंय?"

"तुमच्याकडे प्रत आहे का?"

"चार आहेत."

वेळ सव्वातीन. काकांनी ईमेलने फाइल पाठवली. मेलने नकार दिला, असला प्रोग्राम जोडता येणार नाही म्हणून. मी फोनवरून त्यांना फाइल गुंडाळून, म्हणजे झिप करून, पासवर्ड घालायला सांगितलं. ते स्वतःच करत होते, एकेक पायरी मोठ्याने म्हणत. मागून त्यांच्या पत्नी, म्हणजे काकी, विचारत होत्या, "पासवर्ड काय घातलात?"

"तुझं नाव."

"सासरचं की माहेरचं?"

चारला पाच कमी असताना फाइल आली. मी ती उघडली आणि नेटवरून आलेली, सही नसलेली म्हणून विंडोजने ती लगेच धोका समजून गिळून टाकली. सकाळी मी जे केलं, तेच आता विंडोज करत होतं. तेवढ्याच खात्रीने.

तिला बाहेर काढून चालू द्यायचं बटण होतं. बोट त्यावर होतं, पण दाबवेना. काका खरं बोलत होते याची मला खात्री होती. पण सकाळीही मला खात्रीच होती. समजा, काकांचा प्रोग्राम साधा आहे. पण काकूंच्या मशीनवर सकाळी जो होता, तो तोच होता कशावरून? काकांच्या प्रोग्रामचं नाव लावून दुसराच कुणी बसलेला असला तर काकूंच्या पासवर्डचं काय?

त्यावर एक उपाय असतो. कुठल्याही फाइलीचा एक ठसा काढता येतो, अंगठ्यासारखा. त्याला हॅश म्हणतात. चौसष्ट चिन्हं, शून्य ते नऊ आकडे नाहीतर ए ते एफ अक्षरं. फाइलीत एक बिंदू जरी बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो. सकाळच्या फाइलीचा ठसा त्या वेबसाइटच्या निकालात होता, आणि निकालाचा फोटो मी फुशारकी मारायला ग्रुपवर टाकला होता. आयुष्यात पहिल्यांदा माझी फुशारकी कामाला आली.

काकांच्या फाइलीचा ठसा मी स्क्रीनवर काढला. नजर फिरत होती, म्हणून काकूंना वाचायला बसवलं आणि मी फोटोवर बोट ठेवलं. काका स्पीकरवर. काकूंनी चष्मा वर केला आणि गणपतीतल्या हाउजीच्या आवाजात सुरू केलं.

"सात! बी! बी! तीन! शून्य! ए!"

"आहे. आहे. आहे. आहे. आहे. आहे."

"एफ! नऊ! नऊ! परत नऊ!"

"आहे. हो, परत नऊ आहे."

"हल्लीच्या आकड्यांत 'एफ'च्या पुढची अक्षरां रजेवर काय गो?"

"काकू, पुढे वाचा!"

"डी! चार!"

पन्नासच्या पुढे गेल्यावर आम्ही तिघंही ओरडत होतो. काका तिकडून नुसतंच "आहे! आहे!" म्हणत होते, त्यांच्यासमोर काहीही नसताना. शेजारच्या दारातून एक बाई डोकावून बघून गेल्या. चौसष्टावं होतं 'ई'. माझ्या फोटोतही 'ई'. काकूंनी टेबलावर थाप मारली, "फुल हाउस!"

सकाळी जो होता, तो हाच. अक्षरशः बिंदूचाही फरक नाही. त्यात कुणी काही मिसळलेलं नव्हतं. मी परवानगीचं बटण दाबलं आणि काकूंनी टाइप केलं. गणपत. स्क्रीनवर गणपत आला.

सव्वाचार झाले होते. मी वहीतून नावं वाचायला लागले, काकू टाइप करायला लागल्या. काकू इतक्या वेगात टाइप करतात, ते मला माहीत नव्हतं. मी अर्धं नाव उच्चारलं की पूर्ण नाव पानावर असायचं. काकांनी फोन ठेवला नव्हता. म्हणाले, फोन कीबोर्डजवळ ठेवा, ऐकतो. अर्ध्या तासाने तिकडून काकी म्हणाल्या, "चहा थंड झाला." ते म्हणाले, "थांब, ढवण चाललेत."

काकूंच्या सासऱ्यांचं नाव आलं तेव्हा मी थोडी थांबले. काकू थांबल्या नाहीत. "पुढचं," म्हणाल्या, आणि डोळे नंतर पुसले, पान पूर्ण झाल्यावर.

सहाला बारा मिनिटं असताना फाइल गेली. सहाला दोन मिनिटं असताना प्रेसवाल्याचा निरोप आला, "मिळाली." दिनेशदादाला मी तोच निरोप पुढे पाठवला. त्याने फक्त एक अंगठा पाठवला. त्याच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ. वर्गाच्या ग्रुपवर मात्र मला एक मोठी दुरुस्ती लिहावी लागली, आणि त्यावर जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रविवारी काकूंनी मला कार्यक्रमाला बोलावलं. मुलुंडच्या एका शाळेचा हॉल. दामलेकाकाही आले होते, पांढरा शर्ट इन करून, खिशात भिंग. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. वाकून नमस्कार केला तर म्हणाले, "नमस्कार राहू दे. दहावर चालतो म्हणालीस, अकरावर बघितलास का?"

स्मरणिका वाटल्या गेल्या आणि हॉलमध्ये एकदम शांतता झाली. सगळ्या म्हाताऱ्यांनी शेवटचंच पान उघडलं होतं. ढवणांपैकी एकजण आले होते, नव्वदीतले, कान गेलेले. त्यांचं बोट एकेक ओळ खाली उतरत उतरत एका जागी थांबलं. त्यांनी ते तिथेच दाबून धरलं आणि शेजारच्याला कोपराने ढोसलं. "मी," ते फार मोठ्याने म्हणाले. सगळा हॉल हसला.

त्यांच्या मागच्याच खुर्चीत दामलेकाका त्याच पानावर भिंग फिरवत होते. त्यांना नावांशी काही देणंघेणं नव्हतं. ते रफार मोजत होते. 'अर्जुन'पाशी त्यांचं भिंग थांबलं, मागे गेलं, पुन्हा आलं.

"तावडेबाई," ते हळूच म्हणाले, "हा रफार केसभर उजवीकडे पडलाय. चूक माझी आहे, अगदी पहिल्यापासूनची. आज घरी गेलो की दुरुस्त करून नवीन फाइल पाठवतो."

काकूंनी स्मरणिका त्यांच्या हातातून काढून घेतली.

"पंचवीस वर्षां तो थंयच पडता," त्या म्हणाल्या. "हात लावलात तर बघा!"